कोजागिरीच्या कार्यक्रमाचं बजेट करताना

यंदा सोसायटीच्या कोजागिरीची जबाबदारी तुझ्याकडे आली, चांगलं झालं. फक्त आधी कलाकार ठरवून उरलेल्या पैशात बाकीचं बसवू नको. गाणारा कितीही तयारीचा असला तरी स्वस्तातल्या साउंडवर आवाज फाटतो आणि लोक अर्ध्यातून उठतात. साउंडवाल्याला स्पष्ट विचार: गायकासमोर मॉनिटर (त्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेला स्पीकर) किती, कॉर्डलेस माइक किती, ऑपरेटर शेवटपर्यंत थांबणार का? लाइट गेली तर जनरेटर कोणाचा, डिझेल कोणाचं, हेही त्याच कागदावर लिहून घे.

मानधन म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. पुण्या-मुंबईचा संच बोलावला की तिकिटं, मुक्काम, जेवण, स्टेशनवरून गाडी, सगळं आपल्यावर. त्यापेक्षा नागपूरचाच चांगला वाद्यवृंद घे. नाहीतर खडी गंमत किंवा दंडार ही लोकनाट्यं करणारी मंडळी बोलव. आपल्या विदर्भाची कला आहे ती, मोकळ्या अंगणात फार रंगते. पण लोककलावंत आहेत म्हणून घासाघीस करणं मला अजिबात पटत नाही. त्यांनाही अ‍ॅडव्हान्स दे, आणि उरलेले पैसे कार्यक्रम संपताच हातात ठेव.

खास सूट नसेल तर रात्री 10 नंतर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून सुरुवात 7 लाच. दूध नंतर निवांत आटवा.

ऑक्टोबरातही पाऊस येतो, तेव्हा ताडपत्रीचे पैसे वेगळे काढ. आणि वर्गणी हातात पडल्याशिवाय कोणालाही होकार कळवू नको.