ऑनलाइन आणि वर्ग मिळून शिकवलं तर मुलं खरंच स्वतःहून शिकतात का?

शिकतात, पण नुसती व्हिडिओची लिंक ग्रुपवर टाकून नाही हां. मी भांडुपला दहावीला सायन्स शिकवते, आधी मीपण तेच करायचे. मग फ्लिप्ड क्लासरूम सुरू केलं, २००७ च्या सुमारास अमेरिकेत कोलोरॅडोत बर्गमन आणि सॅम्स या केमिस्ट्रीच्या दोन सरांनी गैरहजर मुलांसाठी लेक्चर रेकॉर्ड केली त्यातून हे पसरलं. घरी सात-आठ मिनिटांचा व्हिडिओ बघायचा, न कळलेला एक प्रश्न वहीत लिहून आणायचा आणि वर्गात मी शिकवत नाही, त्या प्रश्नांवरच गटागटात भांडायचं. पहिले पंधरा दिवस सगळ्यांचा प्रश्न एकच, "टीचर, परीक्षेला काय येणार?" मग एकाने विचारलं, भिंगाचा अर्धा भाग झाकला तर प्रतिमा अर्धी दिसेल का, अख्खा तास त्यातच गेला (पूर्ण दिसते, फक्त अंधूक).

फोनची बोंब असतेच, घरात एकच आणि तो बाबांबरोबर लोकलने कामावर, म्हणून व्हिडिओला दोन रात्री तरी द्या, बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी ॲपवरचंपण चालतं. आणि वहीतल्या त्या प्रश्नाला मार्क मात्र देऊ नका, दिलेत की गाईडमधनं उतरवून आणतात.