साखर नॉर्मल, तरी इन्सुलिन रेझिस्टन्स?

प्रश्न : उपाशीपोटीची साखर ९४ आली. तरी डॉक्टर म्हणतात, इन्सुलिन रेझिस्टन्स आहे. हे कसं?

९४ हा आकडा चांगलाच आहे. पण तो तिथे ठेवायला स्वादुपिंडाला किती राबावं लागतंय, हे रिपोर्टात दिसत नाही. स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या (हाच इन्सुलिन रेझिस्टन्स) की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून वेळ मारून नेतं. कित्येक वर्षं हे निभावतं, काहींचं तर जन्मभर. ज्यांच्या बीटा पेशींना (स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना) हा भार झेपेनासा होतो, त्यांची साखर चढू लागते. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबेटिस. १२६ किंवा त्याहून जास्त, तेही फेरतपासणीत पुन्हा आलं, तर टाइप २ मधुमेह. तुमच्या डॉक्टरांनी बहुधा पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी), फॅटी लिव्हर असं काही पाहून अंदाज बांधला असेल. तो मला रास्त वाटतो.

प्रश्न : मग इन्सुलिनची पातळी तपासून घेऊ का?

बहुतेकांना गरज नाही. लॅबगणिक आकडे बदलतात आणि सर्वमान्य सीमारेषाही नाही. त्यापेक्षा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी, करा.

प्रश्न : मानेवरचा काळेपणा कितीही घासला तरी जात नाही.

घासणं आधी थांबवा, तो मळ नव्हे. रक्तातलं जादा इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला लावतं, म्हणून मान आणि काखेतली कातडी जाड, मखमली, काळपट होते. वजन उतरलं की पुष्कळदा फिकी पडते. मात्र उतारवयात असा काळेपणा अचानक झपाट्याने पसरला, तर लगेच दाखवा; क्वचित त्यामागे कॅन्सर असतो.

प्रश्न : नुसत्या चालण्याने काय होणार? गोळीच द्या ना!

काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. हा फायदा जेमतेम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवस खाडा नको. अमेरिकेतल्या प्रीडायबेटिसच्या मोठ्या चाचणीत (निष्कर्ष २००२) आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजनघट हे लक्ष्य दिलेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीच्या गटात ३१ टक्क्यांनी. गोळी वाईट नाही, काहींना ती लागतेच.

प्रश्न : मुलाला टाइप १ आहे. व्यायामाने इंजेक्शन बंद होईल?

नाही, आणि परस्पर बंद करून पाहूही नका, जिवावर बेतेल. त्याच्या शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झाल्यात. त्याने खेळावं जरूर, पण साखर एकदम उतरू शकते, म्हणून खेळाच्या दिवशीचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या.