सातबाऱ्यावर नाव नाही, तरी भरपाई मिळते का?

रब्बीची मळणी सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. जमिनीचे वाद मागे पडतात आणि तुटलेली बोटे, गमावलेले डोळे, उलटलेल्या ट्रॉल्या यांच्याविषयी विचारणा होऊ लागते. अशा चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिले उत्तर जाणूनबुजून सविस्तर दिले आहे, कारण त्यातील प्रश्न खानदेशातील बहुतेक गावांत कोणाचा ना कोणाचा असतोच.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ चोपडा तालुक्यात एका शेतकऱ्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतमजूर, होता. एप्रिल 2025 मध्ये मक्याच्या मळणीच्या वेळी त्याचा उजवा हात थ्रेशरमध्ये सापडला आणि मनगटापासून काढावा लागला. त्या वेळी त्याला तिसावे वर्ष पूर्ण झालेले होते. साल 1,20,000 रुपये ठरले होते, शिवाय वर्षाची ज्वारी. मालकाने दवाखान्याचा सर्व खर्च केला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल संपले तेव्हा आणखी 40,000 रुपये देऊन त्यांनी स्टॅम्पपेपरवर 'यापुढे काही येणे नाही' असे लिहून घेतले. शेतकरी अपघात योजनेसाठी चौकशी केली तर आमच्या नावावर सातबारा नसल्याने ती लागू नाही असे कळले. थ्रेशर भाड्याचे होते. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर 'घरी पडून मार' असे लिहिले आहे. आता काही करता येईल का?

उत्तर : करता येईल, आणि ते एप्रिल 2027 च्या आत करावे लागेल.

योजनेबाबत मिळालेली माहिती बरोबर आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना ही खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यापुरती आहे. शेतात राबणारा सालदार त्या व्याख्येत बसत नाही. मात्र योजना हे शासनाचे साहाय्य असते आणि भरपाई हा कायद्याने मिळालेला हक्क असतो, हा फरक आपल्याकडे फारसा कोणी समजावून सांगत नाही. योजनेचे दार बंद दिसले की माणूस घरी परततो. तुमच्या भावाचा हक्क कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 या कायद्यातून येतो. हा कायदा केवळ कारखान्यांसाठी आहे असा समज आहे. परंतु ट्रॅक्टरने किंवा वाफ, वीज अथवा अन्य यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीकामावरील माणसांचा त्याच्या अनुसूचीत स्पष्ट उल्लेख आहे. थ्रेशरवर काम करणारा सालदार त्यात येतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली असली, तरी भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशीच निर्माण होतो आणि तुमच्या भावाचा अपघात त्याआधीचा असल्याने त्याचा हिशेब जुन्या कायद्याप्रमाणेच करावा लागेल.

आता रकमेचा विचार करू. सालाचे 1,20,000 म्हणजे महिन्याला 10,000 रुपये होतात. कायम व संपूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या 60 टक्के रकमेला वयानुसार ठरवून दिलेल्या गुणकाने गुणतात. तीस वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीसाठी तो गुणक 207.98 आहे, म्हणजे 6,000 गुणिले 207.98, एकूण 12,47,880 रुपये. एक हात गमावल्यास कमाईची क्षमता 60 टक्क्यांनी घटली असे कायद्याची अनुसूचीच मानते, म्हणून भरपाई 7,48,728 रुपये होते. ज्वारी यात धरलेली नाही. पैशात मोजता येणारी प्रत्येक सवलत वेतनातच गणली जाते, तेव्हा अर्जात त्या धान्याची बाजारभावाने किंमत लावावी. हिशेबासाठी मासिक वेतनाची कमाल मर्यादा 15,000 रुपये आहे, त्यामुळे तेवढी वाढ सहज बसते.

येथे आणखी एक मुद्दा मांडण्यासारखा आहे. 1976 मध्ये प्रतापनारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात डावा हात कोपराच्या वरून गमावलेल्या सुताराचे अपंगत्व सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. निंदणी, बारे देणे, बैल जुंपणे, पाठीवर पंप घेऊन फवारणी करणे, यांतले कोणते काम उजव्या हाताशिवाय होईल, हा प्रश्न तुमच्या वकिलांनीही विचारावा. तो मान्य झाला, तर चाळीस टक्क्यांची कपात न होता पूर्ण रक्कम मिळू शकते.

स्टॅम्पपेपरची भीती बाळगू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार, त्यावर सही असो वा अंगठा, या कायद्याच्या कलम 17 प्रमाणे रद्दबातल ठरतो. कमी रकमेची तडजोड करायचीच झाली, तर तिची नोंद या कायद्याखालील भरपाईचे दावे चालवणाऱ्या आयुक्तांकडे करावी लागते आणि रक्कम अपुरी वाटल्यास ते नोंद नाकारू शकतात. मालकाने उपचारांवर केलेला खर्च भरपाईत धरला जात नाही. उलट कामावर झालेल्या दुखापतीच्या उपचारांचा प्रत्यक्ष खर्च देणे हेही त्याचेच दायित्व आहे. 40,000 रुपयांचा प्रश्न मात्र सुनावणीत निघेल आणि ती रक्कम काही प्रमाणात वजा होऊ शकते, म्हणून ती मिळाल्याचे लपवू नये.

थ्रेशर भाड्याचे होते याने फरक पडत नाही. तुमचा भाऊ ज्याच्या सालावर होता आणि ज्याचा मका काढत होता, तो मालक. हयगय कोणाची झाली हेही तुम्हाला सिद्ध करायचे नाही. कामामुळे आणि काम चालू असताना दुखापत झाली एवढे पुरेसे आहे. दारूच्या अमलाखाली असणे किंवा सुरक्षेसाठी बसवलेले झाकण मुद्दाम काढणे असे बचाव मालकाला घेता येतात, पण मृत्यू अथवा कायम व संपूर्ण अपंगत्व आले असेल तर तेही चालत नाहीत.

खरी अडचण दवाखान्याच्या त्या कागदाची आहे. पोलिसांची भानगड नको म्हणून 'घरी पडला' असे सांगण्याची रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे, की सोबत आलेला मालकच नव्हे, तर कधीकधी जखमीचा सख्खा भाऊही तेच सांगतो. त्या एका ओळीने पुढे वर्षभर मनस्ताप होतो. तरीही सर्व संपले असे नाही. पडल्याने हाताचा चेंदामेंदा होत नाही; शस्त्रक्रियेच्या नोंदीत जखमेचे जे वर्णन असते ते यंत्राकडेच बोट दाखवते. दवाखान्यातून संपूर्ण केसपेपर, क्ष-किरण चित्रे आणि शस्त्रक्रियेची टिपणे यांच्या प्रती मागून घ्या. मळणीवर हजर असलेल्या दोघातिघांची प्रतिज्ञापत्रे करा, थ्रेशरवाल्याला त्या दिवसाचे भाडे दिल्याचा पुरावा शोधा, आणि सालाची चिठ्ठी किंवा उचलीच्या नोंदी असलेली वही मिळाल्यास ती जपून ठेवा. ज्या स्टॅम्पपेपरची तुम्हाला धास्ती वाटते, त्यात अपघाताचा आणि सालाचा उल्लेख असेल तर तोच तुमचा उत्तम पुरावा आहे.

आधी मालकाला लेखी मागणी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. मुदतीत भरपाई न दिल्यास तिच्यावर वार्षिक 12 टक्के सरळ व्याज लागते आणि सबळ कारणाशिवाय टाळाटाळ केल्यास 50 टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो, हे त्या पत्रात नमूद करा. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर जळगाव येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अथवा तालुका समितीकडे अर्ज करा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, महिला आणि दिव्यांग यांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि तुमचा भाऊ आता दिव्यांग आहे. दावा नेमका कोणत्या प्राधिकाऱ्यापुढे दाखल करायचा, हेही संहिता लागू झाल्यानंतरच्या बदलांसह तेथेच ठरवून घ्या.

भावाच्या बँकेच्या पासबुकात 20 रुपयांची कपात दिसते का, तेही पाहा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची असते आणि एक हात कायमचा गमावल्यास त्यात 1 लाख रुपये मिळतात. मुदत टळली असली तरी बँकेला लेखी विचारणा करावी.

मालकाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. दहाबारा एकरांच्या शेतकऱ्यावर साडेसात लाखांचा बोजा पडला तर तोही कोलमडतो, आणि मालक व सालदार पुढेही एकाच गावात राहणार असतात. त्यामुळे पंचांपुढे बसून मिटवण्याचा आग्रह होतो आणि तो नेहमी वाईट हेतूनेच होतो असे मी म्हणणार नाही. परंतु सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मजुरांच्या भरपाईचे दायित्व उचलणारी पॉलिसी मिळते. आखाजीला साल ठरवताना उचल, कपडे आणि धान्य यांची बोलणी होतात. त्याच बैठकीत ही पॉलिसी घेतली, तर कोर्टात जाण्याची वेळ आली तरी जमीन विकण्याची येत नाही.

प्रश्न : शिंदखेडा तालुक्यात आमची सहा एकर जमीन वडिलांच्या नावावर आहे. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) उपटताना काडी लागून आईच्या (वय 58) उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. डॉक्टर दोन महिने प्रयत्न करत होते, त्यामुळे आम्ही अर्ज केला नाही. आईच्या नावावर जमीन नाही. तिला योजनेचा लाभ मिळेल का?

उत्तर : जमीन आईच्या नावावर नसणे ही अडचण नाही. खातेदाराचे आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलगा अथवा अविवाहित मुलगी यांपैकी एका व्यक्तीला ही योजना लागू असून वयाची मर्यादा 10 ते 75 वर्षे आहे. एक डोळा निकामी झाल्यास 1 लाख रुपये मिळतात. दोन्ही डोळे, दोन अवयव, अथवा एक डोळा व एक अवयव गमावल्यास 2 लाख. पूर्वी विमा कंपनीमार्फत राबवली जाणारी ही योजना एप्रिल 2023 च्या शासन निर्णयानंतर थेट सानुग्रह अनुदानाची झाली आहे.

अडचण मुदतीची आहे. अर्ज अपघातापासून 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. तुमची गफलत अनेकांकडून होते: उपचार संपून डोळा गेल्याचे निश्चित होईपर्यंत लोक थांबतात. वास्तविक मिळतील तेवढ्या कागदांसह अर्ज आधी देऊन त्याची पोच घ्यावी आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र मागाहून जोडावे. आता अर्ज करताना दोन महिने चाललेल्या उपचारांचे सर्व कागद लावा आणि दृष्टी वाचवण्याचे प्रयत्न सुरू असल्याने नुकसान किती ते निश्चित नव्हते, असे कारण स्वतंत्र पत्रात लिहा. निर्णय तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील समितीचा असतो. अर्ज नाकारला गेल्यास नकार लेखीच मागा.

कागदांत सातबारा, वडिलांशी असलेल्या नात्याचा आणि वयाचा पुरावा, पोलीस पाटलांचा अहवाल किंवा घटनास्थळाचा पंचनामा, आणि शासकीय रुग्णालयाचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र हे महत्त्वाचे आहेत. शेतात काडी लागल्याची घटना पोलिसांत कोणी नोंदवत नाही, म्हणून पोलीस पाटलांच्या अहवालाला येथे विशेष वजन येते. त्यात तारीख, गट क्रमांक आणि पऱ्हाटी उपटण्याचे काम हे तिन्ही असावेत.

प्रश्न : शहादा तालुक्यात कापूस वेचायला जाताना ट्रॅक्टरची ट्रॉली उलटून माझ्या पत्नीच्या मांडीचे हाड मोडले. ट्रॅक्टरचा विमा आहे. दावा कोणावर करावा?

उत्तर : ट्रॅक्टरचा चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांना सामील करून मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे अर्ज करा. मोटार वाहन कायद्यात यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा ती पाळावी. ट्रॉली माल वाहण्यासाठी असून तिच्यातील माणसे विम्याच्या संरक्षणात येत नाहीत, हा विमा कंपनीचा ठरलेला बचाव आहे आणि तो पुष्कळदा टिकतो. तसे झाल्यास जबाबदारी मालकावर राहते. ट्रॅक्टर तुमच्या पत्नीला कामावर लावणाऱ्या शेतकऱ्याचाच असेल, तर मजूर म्हणून भरपाई मागण्याचा दुसरा मार्गही उपलब्ध आहे. कलम 167 प्रमाणे दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो, म्हणून विम्याची पॉलिसी वकिलांनी वाचण्यापूर्वी कोठेही अर्ज दाखल करू नका. पोलिसांत गुन्हा नोंदवलेला नसेल तर ते काम आज करा.

प्रश्न : यावल तालुक्यात केळीच्या बागेत रानडुकराने माझ्या काकांना जखमी केले. हा शेतीचा अपघात धरायचा का?

उत्तर : आधी वन विभागाकडे जा. वन्यप्राण्याच्या हल्ल्यातील भरपाईत रानडुक्कर येते आणि तिच्यासाठी सातबारा लागत नाही. बागेतील मजूरही तिला पात्र असतो. 2023 च्या शासन निर्णयाप्रमाणे गंभीर जखमी झाल्यास 5 लाख आणि कायमचे अपंगत्व आल्यास 7.5 लाख रुपये मिळतात. वनपालांना तातडीने कळवून पंचनामा करून घ्या, आणि उपचार खासगी दवाखान्यात चालू असले तरी जखम प्राण्याच्या हल्ल्यातीलच असल्याची शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यांची नोंद मिळवा.