प्रीसेटचं नाव ‘रॉक’, कार्यक्रम शेतीचा

आमचं कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे. शेजारच्या शहरातली खासगी एफएम केंद्रं कितीतरी दणदणीत वाजतात. ट्रान्समीटरआधी आवाजाची पातळी सांभाळणाऱ्या प्रोसेसरमधला सगळ्यात ‘लाऊड’ प्रीसेट (तयार सेटिंगचा संच) लावला तर पल्लाही वाढेल का?

पल्ला वाढणार नाही. तो अँटेनाची उंची, ट्रान्समीटरची ताकद आणि मधले डोंगर ठरवतात. तुम्हाला परवानगी साधारणपणे १०० वॅट ईआरपी (अँटेनातून प्रत्यक्ष फेकली जाणारी ताकद) आणि ३० मीटर उंचीची. प्रोसेसर त्यात काही भर घालू शकत नाही. डेव्हिएशनची, म्हणजे आवाजाबरोबर वाहक लहरीची वारंवारता किती हलते त्याची, ±७५ किलोहर्ट्झची मर्यादा मोठ्या केंद्रांनाही तुमच्याइतकीच आहे. ती सरासरी आवाज या मर्यादेच्या जवळ दाबून ठेवतात, एवढंच. त्यामुळे काठावरच्या गावात खरखर थोडी झाकली जाते, हे खरं. पण त्याच प्रीसेटवर कृषितज्ज्ञांची अर्ध्या तासाची मुलाखत लावून पाहा. दोन वाक्यांमधला श्वाससुद्धा वाक्याइतकाच मोठा ऐकू येतो आणि कान शिणतात. श्रोता तक्रार करत नाही, मुकाट्याने स्टेशन बदलतो.

आधी डेव्हिएशन मोजून घ्या. आवाजाच्या शिखरांनाही ते ५० किलोहर्ट्झच्या आसपासच घुटमळत असेल, तर साडेतीन डेसिबल फुकट जातायत. पातळी नीट लावा, मग ‘न्यूज-टॉक’सारखा सौम्य प्रीसेट पुरेसा होतो.

आमची निवेदिका ‘सस्नेह नमस्कार’ म्हणते तेव्हा प्रत्येक ‘स’ फाटतो. स्टुडिओतल्या हेडफोनवर मात्र आवाज स्वच्छ असतो.

माइकला दोष देण्याआधी प्री-एम्फसिस तपासा. एफएममध्ये सुमारे ३ किलोहर्ट्झपासून वरचे स्वर चढवून पाठवतात आणि श्रोत्याचा संच ते पुन्हा उतरवतो. भारतात हे ५० मायक्रोसेकंदांचं असतं. १५ किलोहर्ट्झला चढ जवळपास १४ डेसिबल होतो. नेमका ‘स’ याच पट्ट्यात येतो, म्हणून आवाजाची शिखरं छाटणारा क्लिपर त्याला पहिला चिरडतो.

प्रोसेसर अमेरिकन सेटिंगवर, म्हणजे ७५ मायक्रोसेकंदांवर, राहिला असेल तर चढ आणखी वाढतो. त्याहून वाईट म्हणजे प्रोसेसर आणि ट्रान्समीटर दोघांतही प्री-एम्फसिस चालू असणं. ते एकाच ठिकाणी ठेवा. प्रोसेसरमध्ये असेल तर ट्रान्समीटर फ्लॅट करा, म्हणजे त्यातलं बंद करा. एवढं करूनही फाटत असेल तर माइकच्या वाटेवर डी-एसर (‘स’चा तीक्ष्णपणा कमी करणारं साधन) लावा आणि क्लिपिंग कमी करा.

रात्री तासभर शास्त्रीय संगीत लावतो. तानपुरा फुगतो, मग एकदम बुडतो. प्रीसेट ‘रॉक’ आहे, पण दिवसभर तोच छान चालतो.

दिवसा चालतो, कारण सिनेमातली गाणी बहुतेक आधीच दाबलेली, म्हणजे हळू-मोठ्यातला फरक कमी केलेली असतात. विलंबित आलापात गायक थांबला की एजीसीला (पातळी आपोआप वर-खाली करणाऱ्या भागाला) वाटतं आवाज पडला, म्हणून ते तानपुरा वर ओढतं. मग सम येते, तबल्याची जोरदार थाप पडते, की सगळंच खाली दाबलं जातं आणि तानपुरा नाहीसा होतो. आवाजाचे खर्जापासून तारेपर्यंत पाच पट्टे (बँड) करून प्रत्येक वेगळा दाबणाऱ्या प्रीसेटमध्ये आणखी एक भानगड: बायाँचा घुमार आणि दायाँची चाट वेगवेगळ्या बँडांत सापडतात, दोन्ही आपापल्या परीने सपाट होतात आणि तबला पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो.

त्या तासाला दोन बँडांचा ‘क्लासिकल’ प्रीसेट लावा, बहुतेक प्रोसेसरमध्ये तो असतोच. रिलीज (दाबलेला आवाज पुन्हा वर येण्याचा वेग) मंद ठेवा आणि गेटचा, म्हणजे एजीसीला थांबवणाऱ्या भागाचा, उंबरठा तानपुऱ्याच्या पातळीच्या थोडा वर, म्हणजे शांततेत एजीसी जागच्या जागी थांबेल. रेकॉर्डिंगगणिक तो थोडा हलवावा लागेल. प्रीसेट ठराविक वेळेला आपोआप बदलण्याची सोय बऱ्याच प्रोसेसरमध्ये असते. ती वापरा, रात्रीच्या माणसाच्या आठवणीवर सोडू नका. तेवढा तास केंद्र इतरांपेक्षा हळू वाजेल. वाजू द्या.

दोन प्रीसेटमधला चांगला कोणता, हे ठरवायचं कसं?

दोन्हींची पातळी सारखी करून ऐका, नाहीतर मोठा वाजणाराच चांगला वाटतो. मग एकच प्रीसेट दिवसभर लावून ठेवा आणि तो मॉनिटर स्पीकरवर नव्हे, गाडीत, मोबाइलवर आणि साध्या ट्रान्झिस्टरवर तपासा. ‘ऑप्टिमोड’ या ब्रँडचा प्रोसेसर असेल तर आतले पन्नास आकडे हलवण्याआधी प्रक्रियेची एकूण तीव्रता ठरवणारं एकटं ‘लेस-मोअर’ खाली आणून बघा. बहुतेकांचं काम तिथेच होतं.

एफएमचंच आउटपुट इंटरनेट स्ट्रीमला दिलं तर?

देऊ नका. प्री-एम्फसिस तिथे लागतच नाही, आणि क्लिपरची खरखर स्ट्रीमसाठी आवाज आकुंचित करणाऱ्या कमी बिटरेटच्या एन्कोडरमध्ये आणखी बिघडते. स्ट्रीमला वेगळी वाट, क्लिपरऐवजी लुक-अहेड लिमिटर (शिखर येण्याआधीच ओळखून पातळी खाली आणणारा) आणि −१६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपासची पातळी द्या.