समुद्रातील प्राण्यांमध्ये पिल्लांना मादीच सांभाळते का?

‘मादीच’ या शब्दातील ‘च’ मला वैयक्तिक कारणाने खटकला, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

२०११ साली मुलगी झाली तेव्हा पत्नीची परिचारिकेची नोकरी कायम होती आणि माझी कंत्राटी, त्यामुळे मी नोकरी सोडून ऐरोलीच्या घरी राहिलो. थोरल्या भावाचे तेव्हापासून एकच पालुपद होते : लेकरू सांभाळणे हे बाईचे काम, निसर्गानेच तसे ठरवले आहे. एका रविवारी मी त्याला बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात घेऊन गेलो. शिंगाळा साफ करताना कोळणीने त्याचा जबडा उघडला, तर आतून गोटीएवढी दोन-तीन पिवळसर अंडी घरंगळली. भाऊ लगेच म्हणाला, “बघ, बाप स्वतःचीच अंडी खातो.” कोळीण मान वर न करता म्हणाली, “खात नाय दादा, तोंडात धरून राखतो तो.” मी तिला पोट चिरून दाखवायला सांगितले, पोट रिकामे होते. शिंगाळ्याचा नर मादीने घातलेली अंडी तोंडात घेतो आणि पिल्ले स्वतंत्रपणे पोहू लागेपर्यंत, म्हणजे कित्येक आठवडे, जवळजवळ उपाशी राहतो. यावर भावाचे उत्तर असे, की तो मासा आहे, माणूस नव्हे. निसर्गाचा दाखला आधी कोणी दिला होता, हे तो सोयीस्करपणे विसरला.

आपल्या खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवटी या माशाच्या जपानमधील एका भाऊबंदाचा नर तर बिळातील कोनाड्यात तोंडाने हवा आणून भरतो, कारण चिखलातल्या पाण्यात अंड्यांना पुरेल इतका प्राणवायू नसतो. आणि अंडी पक्व झाली की रात्रीच्या भरतीच्या वेळी तीच हवा तोंडाने बाहेर काढून पाणी आत शिरू देतो, तेव्हा पिल्ले बाहेर पडतात. बाळाच्या दुधाच्या वेळा सांभाळणाऱ्या बापाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आयांचे श्रेय नाकारण्याचा अर्थातच हेतू नाही. कॅलिफोर्नियाजवळील मॉन्टेरी दरीत खोल समुद्रातील एक ऑक्टोपस मादी २००७ ते २०११ अशी ५३ महिने अंड्यांवर बसून राहिलेली संशोधकांनी पाहिली आहे, आणि डॉल्फिनच्या पिल्लाला दूध पाजणे आईलाच शक्य आहे. बहुसंख्य समुद्री मासे मात्र अंडी पाण्यात सोडून निघून जातात. तिथे आईही नाही आणि बापही नाही.

तुमच्या घरीही कोणी निसर्गाचा हवाला देत असेल, तर त्याला खुशाल बाजारात न्यावे. फक्त तोंडात अंडी असलेला शिंगाळा विकत घेऊ नये, कारण कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांनी (माशांच्या थव्याला वेढून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्यांनी) असेच नर अंड्यांसकट मोठ्या प्रमाणात उपसले गेले आणि ती मासेमारी ढासळली. हे मला पुढे वाचनातून कळले. त्या दिवशी आम्ही तो शिंगाळा घरी आणून कालवण केले आणि भावाने दोनदा वाढून घेतले.