दोघांच्या होडीवर

बेती, गोवा

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही दोघं २८ फुटी शिडाची होडी घेऊन मांडवीतून कारवारकडे निघणार, हे वाचून फार बरं वाटलं. सोबत काय काय घ्यावं असं तू विचारलंयस. ती यादी तुमची तुम्ही कराल. मला खटकली ती तुझी शेवटची ओळ : ‘होडीचं सगळं त्याला येतं, मी स्वयंपाकाचं आणि फोटोंचं बघेन.’ बाय, असं करू नकोस. माझं अख्खं पत्र या एका ओळीसाठी आहे.

मीसुद्धा बारा वर्षं अशीच बसले होते. मग एकदा दक्षिण गोव्यात काब द रामच्या भूशिराखाली असताना, दुपारी दोनच्या सुमाराला, होडीच्या पाण्याखालच्या पंख्यात जाळ्याचा दोर गुंतला आणि इंजिन बंद पडलं. ह्यांनी कमरेला दोर बांधला, सुरी घेतली आणि पाण्यात उतरले. पुढचं शीड अर्धं उघडंच राहिलं होतं. त्यात वारा भरला आणि होडी चालू लागली. हे दोराच्या टोकाला फरफटत होते, तोंडावर पाणी येत होतं. आणि ते शीड गुंडाळायचा दोर कुठल्या खुंटीला असतो हेच मला ठाऊक नव्हतं. चार दोर सोडून बघितले, पाचवा बरोबर निघाला. हे वर आले, पण उजवा खांदा त्या दिवसापासून पुरता वर जात नाही. आजही ते शर्ट घालताना डावा हात आधी घालतात आणि मला ती दुपार आठवते.

म्हणून निघायच्या आधी महिनाभर एक कर. दर रविवारी मांडवीत होडी तू चालव. त्याने नुसतं बसायचं, दोराला हात लावायचा नाही. शीड चढवणं, कमी करणं, गुंडाळणं, इंजिन सुरू करणं, नांगर टाकणं, उचलणं, सगळं तुझ्या हाताने. दोघांच्या होडीवर एक जण झोपला की दुसरा एकटाच असतो. एक जण पाण्यात पडला की दुसरा त्याहून एकटा.

पाण्यात पडलेल्या माणसासाठी आम्ही न सोललेला नारळ वापरायचो. एकाने न सांगता नारळ टाकायचा आणि दुसऱ्याने होडी वळवून तो उचलायचा. लाटांत तो माणसाच्या डोक्याएवढाच दिसतो. पन्नास मीटरवर गेला की एक लाट मध्ये येते आणि नारळ नाहीसा होतो. मोठ्या होडीवर एक माणूस नुसता बोट दाखवत उभा राहतो. तुमच्याकडे तो तिसरा माणूस नाही. म्हणून आधी तरंगणारं काहीतरी फेकायचं, लगेच जीपीएसवर ती जागा नोंदवणारं बटण दाबायचं आणि मग वळायचं. खरी कसोटी मात्र त्यानंतर. भिजलेला, दमलेला पुरुष तू नुसत्या हातांनी वर ओढू शकणार नाहीस. शीड चढवायचा दोर त्याच्या अंगावरच्या सुरक्षा-पट्ट्यात अडकवून विंचने, म्हणजे दोर ओढायच्या चरकाने, उचलावं लागतं. नांगरावर असताना त्याला लाइफ जॅकेट आणि पट्टा घालून पाण्यात उतरव आणि एकदा खरोखर वर घे. जमेपर्यंत निघू नका.

आता वाटेचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तुमचा काळ. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, पाणी सपाट असतं. दुपारपासून वायव्येचा खारा वारा भरतो. दक्षिणेला जाणाऱ्याच्या तो पाठीमागून येतो, म्हणून जाताना सगळं सोपं वाटतं. मांडवीतून सुकतीबरोबर, म्हणजे ओहोटीबरोबर, पहाटेच निघा. दुपारी समुद्राकडून वारा आणि नदीतून बाहेर पडणारी सुकती समोरासमोर आली की आग्वादच्या वाळूच्या पट्टीवर लाटा उभ्या राहतात आणि लहान होडीला तिथे फार त्रास होतो. पुढे मुरगावच्या बाहेर नांगरलेली मोठी जहाजं असतात. नांगरावर आहे असं वाटणारं जहाज चालू लागलेलंही असू शकतं, त्यामुळे पुढून जाण्याची घाई करू नका. बेतूलला साळ नदीच्या मुखाशी वाळू सरकत राहते. नकाशावर विसंबू नका, तिथल्या कोळ्यांना विचारा. पाळोळ्याचा किनारा मांडवीच्या मुखापासून साधारण तीस-बत्तीस सागरी मैलांवर आहे. ५ नॉटच्या, म्हणजे तासाला पाच सागरी मैलांच्या, चालीने साडेसहा तास धरा आणि उजेडातच पोचा. रात्री जाळी दिसत नाहीत, काहींवर दिवा असतो, काहींवर नुसता थर्माकोलचा तुकडा. कारवारजवळ नौदलाचा तळ आहे आणि अंजदीव बेटही त्यांच्याच ताब्यात. तिथून लांबून जायचं. परवानगी आणि कागदांचं काम पणजीतल्या बंदर कप्तानांच्या कार्यालयात आधीच करून घ्या.

नांगर टाकताना नवरा-बायकोची जेवढी भांडणं होतात तेवढी घरातसुद्धा होत नसतील. एक पुढे नाळेवर, एक मागे सुकाणूवर, मध्ये इंजिनचा आवाज, वर वारा. पुढचा ओरडतो ते मागच्याला रागावल्यासारखं ऐकू येतं. आम्ही बोलणं बंदच केलं. हात वर म्हणजे थांब, उजवीकडे बोट म्हणजे उजवीकडे, मूठ म्हणजे नांगर बसला. सात-आठ खुणा पुरतात. नांगराला पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट साखळी सोडा, दोर असेल तर सातपट, आणि मोजताना भरतीची खोली धरा. उधाणाला इथे पाणी सुमारे दोन मीटर चढतं.

परतीचे दिवस जाण्याइतकेच धरू नका. येताना वायव्येचा वारा तोंडावर असतो. पहाटेच्या मतलईवर किनाऱ्यालगत जेवढं कापता येईल तेवढं कापा आणि दुपारी आडोसा बघून थांबा. सुट्टी संपत आली म्हणून माणसं वाईट हवेत निघतात. असं वाटलं तर होडी कारवारला ठेवून कोकण रेल्वेने या. मी त्यात काहीही कमीपणा मानत नाही. हवामान खात्याचा अंदाज रोज बघा. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये क्यार वादळ आलं तेव्हा पाऊस संपला असंच सगळे धरून चालले होते. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि व्हीएचएफ रेडिओचं १६ नंबर चॅनेल दोघांनाही पाठ हवं.

तुला वाटेल, मावशी उगाच भीती घालते. तसं नाही गे. आपल्या दिवाडी बेटावर बांधलेली नौदलाची शिडाची होडी ‘तारिणी’ घेऊन दिलना आणि रूपा या नौदलाच्या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्यातून निघाल्या, केप हॉर्न ओलांडून, पृथ्वीला वळसा घालून २९ मे २०२५ ला परत आल्या. ५६ फुटी होडी आणि माणसं दोनच. एक झोपली की दुसरीच्या हातात सगळी होडी. मी ती बातमी वाचताना ह्यांना म्हटलं, यांना स्वयंपाक आणि सुकाणू असं वाटून घेणं परवडलंच नसतं.

येत्या रविवारी भरती कधी ते बघून बेतीच्या धक्क्यावर या. सहा नारळ मी आणून ठेवते. तू सुकाणूवर बस, टाकायचं काम माझं.

तुझी,
बेतीची मावशी