निर्गुडीने सूज उतरली, पण दुखणं थांबलं का?

तुझा प्रश्न वाचला. एम. फार्म.साठी निर्गुडीच्या पानांचा अर्क तपासायचा आहे, कॅरागीनन (ते पंजात टोचून सूज आणायची) आणि हॉट प्लेट (तापलेल्या पाटावर दुखणं तपासायचं) अशा दोन टेस्ट ठरल्यात, दोन्हीकडे स्टँडर्ड, म्हणजे तुलनेचं औषध, डायक्लोफेनॅक. एवढं पुरे का? सुजेसाठी चालेल. दुखण्यासाठी नाही.

हॉट प्लेटवर डायक्लोफेनॅक नको. ५५ अंशांच्या पाटावर उंदराने पाय चाटायला किंवा उडी मारायला लावलेला वेळ आपण मोजतो. तिथे प्रामुख्याने मेंदू-मणक्याच्या पातळीवर काम करणारी औषधं उठून दिसतात, डायक्लोफेनॅक फिकंच पडतं. स्टँडर्डच चाललं नाही तर अर्काबद्दल काय बोलणार? तिथे मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल घे. दोन्ही एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली येतात, म्हणून कागदपत्रं आधीपासून धर. कट-ऑफ १५ सेकंदांचा ठेव, तेवढे झाले की उंदीर उचल, पंजे भाजू देऊ नको.

डायक्लोफेनॅक शोभतं ते ॲसेटिक ॲसिडच्या टेस्टमध्ये. पोटात इंजेक्शन दिलं की उंदीर पोट आवळून मागचे पाय ताणतो, ते ताण मोजायचे. पण गुंगी आलेला उंदीरही ताण देत नाही! आकडा कमी आला की आपण खूश, आणि प्रत्यक्षात जनावर नुसतं पेंगलेलं. म्हणून त्याच डोसवर रोटारॉड कर. फिरत्या दांड्यावर तो नेहमीसारखा टिकला, तरच वेदना कमी झाल्याचं म्हण. हे तुझ्या प्लॅनमध्ये नाही, आणि व्हायव्हात पहिला प्रश्न यावरच येईल.

कॅरागीननमध्ये एकच रीडिंग घेऊन थांबू नको. सूज आणणाऱ्या शरीरातल्या रसायनांपैकी पहिल्या तासा-दीड तासात हिस्टामीन-सेरोटोनिनचा जोर, तिसऱ्या तासापासून प्रोस्टाग्लँडिनचा. अर्क कोणत्या टप्प्यावर बोलतो यातच खरी गंमत आहे. आणि घोट्यावरची मार्करची रेघ! पंजा त्या रेघेपर्यंत पाण्यात बुडवूनच सूज मोजतो आपण. माझ्या वेळी रॅटने ती चाटून पुसली, लॅबमधल्या पोट्ट्याने अंदाजाने पुन्हा ओढली, दोनेक मिलिमीटर वर. पंजा पाण्यात तेवढाच जास्त बुडला, आणि औषध दिलेल्या गटाची 'सूज' वाढली. अख्खा दिवस पाण्यात. रेघ एकानेच ओढायची, रीडिंगही त्यानेच घ्यायचं, आणि कोणत्या गटाला काय दिलंय हे त्याला कळू द्यायचं नाही.

पाला इतवारी बाजारातून वाळलेला आणू नको, चुऱ्यावरून कोण काय ओळखणार? फुलांसकट ताजी डहाळी घे, विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून ओळख पटवून व्हाउचर नंबर, म्हणजे तिथे जपलेल्या नमुन्याचा क्रमांक, घे. प्राणी मागवण्याआधी आयएईसीची (संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची) मंजुरी हवी, हे तुझ्या गाइडने सांगितलंच असेल.

एक अवांतर. आमची आजी निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधायची, प्यायला कधी दिला नाही. तू मात्र तोंडावाटे अर्क देणार आहेस. प्रस्तावनेत पारंपरिक वापराचा दाखला देणार असशील तर लेपाचा एक गट ठेवच, नाहीतर तो परिच्छेद काढून टाक.

आणि हो, नवतपात, मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, प्रयोग लावू नको बाप्पा. कूलरच्या भरवशावर ॲनिमल हाउस २२ अंशांवर राहत नाही. दिवाळीनंतर सुरू कर.